मोठ्या आतड्याचा कॅन्सर : रिपोर्टमधला सीईए काय सांगतो?

आपल्या वस्तीत कुणाला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर निघाला की पुण्याहून किंवा मुंबईहून येताना एक जाड फाइल घरी येते. तिच्यात रक्ताच्या एका रिपोर्टवर ‘सीईए’ असे लिहिलेले असते आणि समोर आकडा. शेजारचा शिकलेला मुलगा मोबाइलवर शोधून सांगतो, “पाचच्या आत पाहिजे होता, हा तर अठरा आहे.” घरात रडारड सुरू होते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा असतो : या आकड्यावरून माणूस किती दिवस जगेल ते कळते का?

नाही, कळत नाही. पण आकडा फुकटचा आहे असेही नाही.

सीईए हे एक प्रथिन आहे. १९६५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन या दोघांनी ते शोधले. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत आणि आईच्या पोटातील गर्भाच्या आतड्यात त्यांना ते सापडले, म्हणून नावात कॅन्सर आणि गर्भ हे दोन्ही शब्द आले. पुढे लक्षात आले की थोडेसे सीईए प्रत्येकाच्या रक्तात असते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचे जरा जास्त असते. लिव्हर खराब असेल, आतड्याला सूज असेल, तरीही ते वाढते. उलट, कॅन्सर सुरुवातीचा असताना बऱ्याच रुग्णांत आकडा अगदी नॉर्मल येतो. म्हणून ‘कॅन्सर आहे का’ हे पाहण्यासाठी ही तपासणी नाहीच. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून ती विकली जाते, त्यावर पैसे घालवू नयेत. निदान होते ते दुर्बिणीने आणि तुकडा तपासून.

मग ती करायची कशासाठी? एकदा ऑपरेशनच्या आधी, आणि पुढे ऑपरेशननंतर. आधी वाढलेला आकडा ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यात खाली आला तर ती चांगली खूण. खाली आलाच नाही तर शरीरात कुठेतरी रोग शिल्लक असण्याची शंका येते. त्यानंतर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी करतात. हा रोग उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो आणि लिव्हरवर किंवा फुप्फुसावर दिसतो. लिव्हरवरचा एखादा डाग वेळेत सापडला तर तो काढता येतो, आणि अशातले काही रुग्ण पूर्ण बरे होतात. आपल्याकडे नेमके इथेच हुकते. माणूस हिंडू-फिरू लागला, कामावर जाऊ लागला की पुण्याची खेप म्हणजे बुडालेला रोज वाटतो, आणि तपासणी राहून जाते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सीईए शक्यतो एकाच लॅबमध्ये करावे. लॅब बदलली की मशीन बदलते आणि आकड्यांची तुलना नीट होत नाही. दुसरे, एकदा वाढलेल्या आकड्याने घाबरू नये. केमो चालू असतानाही तो काही काळ वर जातो. डॉक्टर तपासणी पुन्हा करतात, मग सीटी स्कॅन सांगतात. आणि ज्यांचा आकडा ऑपरेशनआधीही नॉर्मल होता, त्यांनी पुढच्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबून स्कॅन आणि दुर्बीण टाळू नये.

फाइलीत दुसराही एक कागद असतो, काढलेल्या गाठीच्या तपासणीचा. त्यावर एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ अशी चार नावे असतात. हीही प्रथिनेच. पेशी दुभंगताना तिच्यातल्या मजकुराची नक्कल होते, तेव्हा झालेल्या चुका दुरुस्त करणारे हे चार कारकून समजा. गाठीत यातला कुणी गैरहजर असेल तर रिपोर्टमध्ये ‘लॉस’ असे लिहितात. शब्द वाईट वाटतो, पण दुसऱ्या स्टेजमध्ये अशा रुग्णांचा रोग उलटण्याची शक्यता उलट कमी असते, आणि नेहमीच्या एका औषधाच्या केमोचा त्यांना विशेष फायदा होत नाही. म्हणून डॉक्टर कधी केमो देतच नाहीत. घरच्यांना वाटते, गरीब म्हणून टाळले. असा संशय येण्याजोगे अनुभव आपल्या लोकांच्या गाठीशी आहेत, हे आम्हीही जाणतो. तेव्हा मनात ठेवू नका, डॉक्टरांना विचारा : “चार प्रथिनांची तपासणी झाली का? काय आले?” रोग पसरलेला असेल तर याच ‘लॉस’वाल्या रुग्णांना इम्युनोथेरपीचा चांगला उपयोग होतो. औषध महाग आहे. त्याच्या खर्चाचे सुरुवातीलाच विचारावे.

‘लॉस’ म्हणजे दर वेळी आनुवंशिक नसते, पण काही घरांत असते. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तसे निघाले तर रुग्णाच्या प्रत्येक भावंडाला आणि मुलाला तो दोष असण्याची शक्यता निम्मी असते. अशांना वयाच्या २०-२५ वर्षांपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी लागते. बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो. मुलीचे लग्न मोडेल म्हणून घरचे हे लपवतात, आणि ज्या मुलीला सांगायला हवे तिलाच सांगायचे राहते.

या सगळ्याहून मोठी गोष्ट अजूनही स्टेजच आहे. आतड्याच्या भिंतीत रोग किती खोल गेला आणि लसिका गाठींत पोचला का, यावर पुढचा अंदाज मुख्यतः ठरतो. त्यासाठी निदान १२ गाठी तपासलेल्या असाव्यात. रिपोर्टमध्ये तो आकडा असतो, बघून घ्या.

आणि स्टेज वाढते ती मूळव्याधीच्या नावाखाली. संडासातून रक्त पडले की आधी चूर्ण, मग ‘शर्तिया इलाज’वाला, यात वर्ष जाते. टाटा हॉस्पिटलच्या नोंदींत या कॅन्सरच्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आतच आहे, तेव्हा ‘तरणा माणूस, त्याला कसला कॅन्सर’ असे म्हणू नये. रक्त पडणे, शौचाची सवय बदलणे, पुरुषाचे हिमोग्लोबिन कारण नसताना उतरणे, यातले काही असेल तर बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. पुढे बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याचे ससून आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला विचारावे.

मुंबईला टाटाला जायचे असेल तर रिपोर्टबरोबर गाठीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक पहिल्या दवाखान्यातून मागून न्यावा. त्या ब्लॉकवरच चार प्रथिनांची तपासणी नंतरही होऊ शकते. तो उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये, मेण वितळते. राहण्याची सोय हवी असल्यास टाटाच्या समाजसेवा विभागात विचारावे. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा अशाच रुग्णांसाठी आहे.