‘वॉटरप्रूफ’ उपकरणाची खरी परीक्षा बटणापाशी

विजेवर चालणारा दातांचा ब्रश, दाढीचा ट्रिमर, शेव्हर ही उपकरणे आता न्हाणीघरातील फळीवर स्थिरावली आहेत. त्यांच्या खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि त्या भरवशावर आपण ती थेट नळाखाली धरतो. तरीही त्यांतील काही वर्ष-दीड वर्षात बंद पडतात, तर काही कोणी हात न लावता आपोआप सुरू होतात. असे उपकरण उघडून पाहिले तर अनेकदा मोटर शाबूत असते, बॅटरीतही जीव असतो. गंज चढलेला असतो तो बटणाखालच्या सर्किटवर.

याचे कारण उपकरणाच्या रचनेतच आहे. बाहेरच्या कवचाचे दोन भाग जोडताना मध्ये रबरी कडे बसवता येते किंवा ते वितळवून एकसंध करता येतात. एकदा बसले की ते हलत नाहीत. बटणाचे तसे नाही. त्याने पाणी अडवायचे, पण बोटाचा दाब मात्र आत पोहोचवायचा. दिवसातून दोनदा दात घासायचे म्हटले, तर ब्रशचे बटण चार वेळा दाबले जाते. म्हणजे वर्षाला सुमारे १,४६० वेळा. प्रत्येक दाबाबरोबर त्यावरचा पातळ पडदा वाकतो आणि पुन्हा मूळ जागी येतो. तो कशाचा बनवला आहे, यावरच उपकरणाचे आयुष्य बऱ्याच अंशी ठरते.

चाचणीतील पाणी आणि घरातील पाणी

जलरोधकतेची प्रतवारी ‘आयईसी ६०५२९’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केली जाते. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ‘आयपीएक्स ५’ म्हणजे पाण्याच्या झोतापासून, तर ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवूनही अपाय होईल इतके पाणी आत न शिरणे. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आयपीएक्स ७’ मिळालेले उपकरण झोताच्या चाचणीतही उत्तीर्ण होईलच, असे मानक गृहीत धरत नाही. दोन्ही क्षमता असतील, तर दोन्ही अंक स्वतंत्रपणे नमूद करावे लागतात.

शिवाय ही चाचणी नव्या, स्वच्छ नमुन्यावर आणि साध्या पाण्याने होते. पाणी आणि उपकरण यांच्या तापमानात फार फरकही ठेवला जात नाही. आपल्या न्हाणीघरातील पाणी एवढे निरागस नसते. साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांतील द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली आणतात. त्यामुळे साधे पाणी जिथे थबकते, तिथून साबणाचे पाणी सहज झिरपते. तापमानाचा परिणामही कमी नाही. समजा, चार्ज होताना ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला ट्रिमर २५ अंशांच्या पाण्याखाली धरला. आतली हवा थंड होऊन तिचा दाब सुमारे पाच टक्क्यांनी घटतो. ही घट जवळपास अर्धा मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी आहे. बटणाची कड सैल झालेली असेल, तर उपकरण स्वतःच पाणी आत ओढून घेते.

सिलिकॉन, टीपीई की कठीण प्लास्टिक?

मऊ बटणांसाठी मुख्यतः दोन पदार्थ वापरले जातात. पहिला सिलिकॉन रबर. उष्णता, ऊन आणि वारंवार वाकणे तो उत्तम सोसतो. त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे दीर्घकाळ दाबून ठेवले तरी तो आकार फारसा सोडत नाही. याचे महत्त्व स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला सांगावे लागत नाही: कुकरची रिंग जुनी होऊन चपटी झाली, की शिटी होण्याऐवजी वाफ बाजूने निसटू लागते. बटणाभोवतालची कड चपटी झाली, तर हेच घडते. फक्त वाफ बाहेर जाण्याऐवजी पाणी आत येते.

मात्र सिलिकॉनलाही मर्यादा आहेत. तो सामान्य प्लास्टिकला सहजासहजी चिकटत नाही. त्यामुळे विशेष प्रक्रिया करावी लागते किंवा तो कवचाच्या दोन भागांत घट्ट आवळून बसवावा लागतो. नखाची चीर पडली, तर ती वाढत जाते. केसांच्या सीरममधील डायमेथिकोनसारखी सिलिकॉन तेले त्याला फुगवू शकतात. आणि द्रवरूप पाणी अडवणारा हा पदार्थ पाण्याची वाफ मात्र बऱ्यापैकी आरपार जाऊ देतो.

दुसरा पदार्थ म्हणजे थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर, अर्थात टीपीई. हा प्लास्टिकसारखा वितळतो. त्यामुळे त्याच साच्यात कवचावर त्याचा थर ओतता येतो आणि योग्य जोडी निवडली असेल, तर दोन्ही एकजीव होतात. फटच उरत नाही, खर्चही कमी येतो. पण सततच्या दाबाने तो सिलिकॉनपेक्षा लवकर चपटा होतो. त्याचे काही प्रचलित प्रकार तेल शोषून घेतात, फुगतात आणि चिकट बनतात.

पकडीला मुलायम स्पर्श यावा म्हणून पॉलियुरेथेनही वापरले जाते. त्याच्या पॉलिएस्टर प्रकारातील रेणूंच्या साखळ्या उष्ण, दमट हवेत पाण्यामुळे तुटत जातात आणि पृष्ठभाग चिकचिकीत होतो. पॉलिइथर प्रकार याबाबतीत अधिक टिकाऊ असतो.

कठीण एबीएस प्लास्टिकचे बटण दिसायला सुबक असते, पण ते स्वतः पाणी अडवत नाही. ते काम त्याच्या आतल्या रबरी पडद्याला करावे लागते. भोवतालच्या खाचेत टूथपेस्ट किंवा साबण सुकून बसला, तर बटण अडकते. खाच नकोच म्हणून स्पर्शाने चालणारी बटणे आली. पण ओल्या बोटाने आणि पाण्याच्या थेंबाने त्यांचा गोंधळ उडू शकतो. दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांना तर बोटाला जाणवणारा उंचवटा आणि दाबताच येणारा ‘टक्’ हाच आधार असतो.

गोव्यासाठी निवड

गोव्यात पावसाचे चार महिने न्हाणीघर क्वचितच कोरडे होते आणि खोबरेल तेलाचा हात बटणाला लागणे ही नित्याची बाब आहे. अशा ठिकाणी तेलाने मऊ पडणारे टीपीई किंवा दमटपणात झिजणारे पॉलियुरेथेन लवकर हार मानणार. किंमत थोडी अधिक असली, तरी चांगले बसवलेले सिलिकॉनचे बटण येथे बहुधा किफायतशीर ठरते.

बटणाचा पदार्थ खोक्यावर क्वचितच छापलेला असतो. तरी ग्राहकाला काही गोष्टी तपासता येतात. केवळ ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर न थांबता आयपीएक्सचा अंक पाहावा. नळाचे चिन्ह असेल, तर उपकरण वाहत्या पाण्याखाली धुता येते; अंघोळ करताना वापरण्यास योग्य असलेल्या उपकरणावर शॉवर किंवा टबाचे वेगळे चिन्ह असते. बटण कवचाशी एकजीव आहे की भोवती खाच आहे, हे बोट फिरवून कळते.

वापरानंतर उपकरण साध्या पाण्याने धुऊन, पुसून, हवेशीर जागी ठेवावे. ते गरम असताना थंड पाण्याखाली धरू नये. बटण स्पिरिट किंवा थिनरने पुसू नये. बटण चिकट झाले, फुगले किंवा त्याला चीर दिसली, तर ते उपकरण जलरोधक राहिलेले नाही असेच समजावे. आत पाणी गेल्याची शंका असल्यास ते चार्जिंगला लावू नये. ओल्या सर्किटमुळे आतल्या लिथियम बॅटरीत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका असतो.

अनेक उत्पादनांत बटणाचा पडदा बदलण्याची सोय नसते. त्यामुळे रबराच्या एका तुकड्यापायी मोटर आणि बॅटरीसह सारे उपकरण ई-कचऱ्यात जाते. खरेदीच्या वेळी रंग आणि वेग यांची चौकशी आपण करतोच. बटण बदलून मिळते का आणि हमीत पाणी शिरण्याचा समावेश आहे का, हे दोन प्रश्नही दुकानदाराला आवर्जून विचारायला हवेत.