कार्ड कुठे उघडायचं? कॅमेरा ट्रॅपचे फोटो जागेवर पाहण्याच्या साधनाविषयी

मागच्या वेळी आपण कॅमेरा ट्रॅप कसा चालतो, तो किती उंचीवर बांधायचा, पायवाटेला काटकोनात का ठेवायचा नाही, हे पाहिलं. शेवटी ज्या चिठ्ठ्या आल्या त्यांतल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न होता. कार्डातले फोटो तिथल्या तिथे बघायला काय घ्यावं? फोन पुरेल का, टॅब घ्यावा, लॅपटॉप न्यावा, की ते छोटं 'व्ह्यूअर' नावाचं यंत्र मिळतं ते बरं? आज एवढ्याच प्रश्नावर बोलू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इलेक्ट्रॉनिक्स नव्हे. पण जुन्नरच्या ऊसपट्ट्यात मित्रमंडळींबरोबर शेताच्या बांधांवर, मालकाला विचारून, आम्ही चार-पाच कॅमेरे लावत असतो, त्या अनुभवावरून बोलतो आहोत. अभयारण्यात मात्र असं परस्पर करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 28 प्रमाणे तिथे अभ्यासासाठी किंवा छायाचित्रणासाठी जायलासुद्धा परवाना लागतो.

आता, साधन निवडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. जागेवर फोटो बघायचेच कशाला?

हा प्रश्न तिरकस नाही. कॅमेऱ्यातलं भरलेलं कार्ड काढायचं, कोरं कार्ड घालायचं आणि घरी येऊन चहा पीत मोठ्या पडद्यावर निवांत बघायचं, हा सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग आहे. 32 जीबीचं दुसरं कार्ड कुठल्याही पडद्यापेक्षा स्वस्तच पडतं. मग जागेवर काय बघायचं? आमच्या मते तीनच गोष्टी. एक, कॅमेऱ्याचा रोख बरोबर आहे का; खोड वाऱ्याने हललं, गुराने धक्का दिला, की चौकटीत नुसतं आभाळ येतं. दोन, तारीख-वेळ बरोबर आहे का. सेल बदलताना काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं आणि मग पुढच्या महिनाभराच्या नोंदी कुचकामी होतात. तीन, कॅमेरा कशाने चाळवतो आहे. त्यातला संवेदक हालचालीबरोबर उष्णतेतला फरक टिपतो. दुपारी तापलेलं गवत हललं तरी तो फोटो काढतो. उलट एप्रिल-मे महिन्यांत हवाच जनावराच्या अंगाइतकी तापली की समोरून गेलेलं जनावरही त्याच्या लक्षात येत नाही. फोटोंत नुसतं गवतच असेल तर तिथेच विळ्याने ते कापता येतं. घरी गेल्यावर कळलं तर पुन्हा तीस किलोमीटर यावं लागतं.

या तिन्ही गोष्टींना वीस-पंचवीस फोटो पुरतात. सगळे बघायची गरज नाही. याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा सांगतो. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांतून 3 कोटी 48 लाखांहून जास्त फोटो निघाले. वाघाचे 76,651, बिबट्याचे 51,777. म्हणजे हजार फोटोंत दोघांचे मिळून चारसुद्धा नाहीत! बाकीचे दुसरे प्राणी, माणसं, गुरं आणि गवत. हा ढीग उन्हात उभं राहून चाळायचा नसतो.

आता साधनांकडे येऊ.

ते छोटं व्ह्यूअर आधी घेऊ. तळहाताएवढं यंत्र, त्यातच कार्डाची खाच, कार्ड सरकवलं की फोटो दिसला. ना ॲप, ना केबल. हातमोजे घातलेल्या, चिखलाने भरलेल्या हातांना हे फार सोयीचं. पण त्याचा पडदा बघा. 4.3 इंची पडद्यावर बऱ्याचदा 480 गुणिले 272 एवढेच बिंदू असतात, म्हणजे साधारण एक लाख तीस हजार. फोटो 12 मेगापिक्सेलचा, म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदूंचा. शंभरातला एक बिंदू तुम्ही बघता आहात. बिबट्या आला हे कळेल, रानमांजर की वाघाटी हे बहुधा कळणार नाही. शिवाय कॅमेऱ्याने व्हिडिओ ज्या पद्धतीने साठवला ती पद्धत व्ह्यूअरला येत नसेल तर काळा पडदा दिसतो. घ्यायचंच असेल तर स्वतःच्या कॅमेऱ्यातलं भरलेलं कार्ड खिशात घालून दुकानात जा, तिथेच लावून बघा आणि मगच पैसे द्या.

फोन सगळ्यांकडे असतोच. त्याला कार्ड जोडायचा छोटा रीडर मिळतो, चार्जिंगच्या भोकात बसतो. फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून जास्त बिंदू, बोटाने मोठं करून बघायची सोय, व्हिडिओ बहुतेक चालतात. अँड्रॉइड फोनला बाहेरचं कार्ड वाचता येतं ना, हे आधी तपासा. आयफोनलाही रीडर लागतो. 'फाइल्स' नावाच्या ॲपमधून कार्ड सरळ उघडता येतं. 'फोटोज' मध्ये गेलात तर तो फोटो फोनमध्ये घेऊ का म्हणून विचारत बसतो, आणि सवयीने 'सगळे घे' वर बोट पडतं. ते टाळावं. का, ते पुढे सांगतो.

टॅब म्हणजे मोठा फोन. बघायला छान, धरायला अवघड. एका हातात टॅब, दुसऱ्या हातात कार्ड, कॅमेऱ्याचं झाकण उघडं आणि पायाखाली ओढ्याचे दगड. लॅपटॉपची जागा गाडीत किंवा घरी. उसाच्या पाचटात लॅपटॉप उघडून बसणाऱ्या माणसाबद्दल आम्हांला आदर आहे, एवढंच म्हणू. काहीजण घरातला जुना डिजिटल कॅमेरा वापरून बघतात. युक्ती चांगली, पण अनेक कॅमेरे दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो दाखवतच नाहीत.

वायफायवाले कॅमेरेही आले आहेत. कॅमेरा स्वतःचंच छोटं जाळं तयार करतो, फोन त्याला जोडायचा आणि दहा-पंधरा मीटरवरून बघायचं. कार्ड काढायला नको, झाकण उघडायला नको. पावसाळ्यात हा मोठा फायदा, कारण झाकण उघडलं की आत दमट हवा शिरते. पण शंभर फोटो असे ओढायला फार वेळ लागतो, आणि कॅमेऱ्याचे सेलही खर्च होतात.

उन्हाचं एक राहिलं. रात्रीचे फोटो अदृश्य अशा अवरक्त प्रकाशात काढलेले, म्हणजे काळे-पांढरे आणि बरेच काळपट. भर दुपारी चकाकत्या काचेवर असा फोटो बघणं म्हणजे जवळजवळ न बघणंच. पडद्याची उजळता पूर्ण वाढवा, झाडाच्या सावलीत पाठ उन्हाकडे करून उभे राहा. आमच्या गटातल्या एका शेतकरी बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्याच्या आत फोन धरतात. याहून चांगला उपाय आम्हांला अजून दिसलेला नाही.

आता कार्डाबद्दल, कारण नुकसान होतं ते इथे. तुम्ही फक्त बघता, पण यंत्र फक्त बघत नाही. अँड्रॉइड फोन कार्डावर स्वतःचे फोल्डर टाकतो, मॅक संगणक लपलेल्या फाइली लिहितो, विंडोजही आपली एक खूण ठेवते. बहुतेक कॅमेरे याकडे काणाडोळा करतात, काही अडतात. म्हणून कार्डाच्या कडेला जी बारीकशी कळ असते ती 'लॉक'कडे सरकवूनच फोनला लावा. ही कळ म्हणजे फक्त विनंती असते, ती मानायची की नाही हे रीडर ठरवतो. पण बहुतेक रीडर मानतात. कॅमेऱ्यात परत घालताना कळ मागे घ्यायची आठवण ठेवा, नाहीतर कॅमेरा महिनाभर काहीच लिहिणार नाही. दुसरं, फोन कधीकधी म्हणतो, 'हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का?' उत्तर नेहमी 'नाही'. मोठ्या क्षमतेची कार्डं वेगळ्या पद्धतीने आखलेली असतात आणि काही फोनांना ती कळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पुसायचं असेल तर घरी प्रत काढल्यावर, त्याच कॅमेऱ्यात घालून, कॅमेऱ्याच्याच यादीतून पुसावं.

इथे आमच्या विषयाची थोडी लुडबुड सहन करा. न्यायदर्शनात प्रत्यक्षाचे दोन टप्पे सांगतात. आधी नुसतं 'काहीतरी आहे' असं ज्ञान, ते निर्विकल्पक. मग 'हा अमुक आहे' असं नाव-जातीसहित ज्ञान, ते सविकल्पक. छोट्या पडद्यावर पहिलं मिळतं, आणि आपण उत्साहाच्या भरात त्यालाच दुसरं समजतो. अंधुक उजेडात समोर दिसतं ते खुंट की माणूस, हा तर संशयाचा जुना ठरलेला दाखला. कॅमेरा ट्रॅपमध्ये तो रोज भेटतो. चौकटीच्या कडेला अर्धी शेपूट, दोन चमकणारे डोळे. कुत्रा? तरस? बिबट्या? बिबट्या कोणता हे ओळखायचं तर अंगावरच्या ठिपक्यांची रचना जुळवावी लागते. डाव्या आणि उजव्या अंगाची रचना वेगळी, म्हणून अभ्यासक समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. हे काम बांधावरचं नव्हे, टेबलावरचं. जागेवर बघताना तोंडातून निघणारं वाक्य 'काहीतरी आहे, घरी बघू' एवढंच असावं, असं आम्ही आमच्या मंडळींना सांगतो.

कारण त्या वाक्याचे परिणाम असतात. समजा बांधावर फोनमध्ये बिबट्या दिसला. भोवती चारजण जमलेत. एकाने पडद्याचा फोटो काढला, गावाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तीन बिबटे झाले, दुसऱ्या दिवशी 'पिंजरा लावा' म्हणून मागणी सुरू. प्रत्यक्षात तो बिबट्या तिथे नवा नसतो. शेजारच्या अकोले तालुक्यात, दाट वस्तीच्या शेतीपट्ट्यात, कॅमेरा ट्रॅपने केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस असल्याचा अंदाज निघाला. बातमी दाबा, असं आमचं म्हणणं नाही. ज्याचं शेत आहे, ज्याची पोरं त्याच वाटेने शाळेत जातात, त्याला पहिल्यांदा आणि नीट कळलं पाहिजे. पण ते समोर बसून, कोणत्या वेळी आणि कुठे ते सांगून, गोठ्याचं दार बंद ठेवा म्हणून कळावं. ग्रुपवरून आलेल्या धूसर फोटोने ते होत नाही.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. कॅमेरा जनावर आणि माणूस यांत भेद करत नाही. पहाटे ओढ्याकडे जाणाऱ्या बायका, सरपण आणणारी म्हातारी, रात्री पाणी द्यायला निघालेला गडी, सगळे त्यात येतात. उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसरात कॅमेरा ट्रॅपमुळे गावच्या बायकांना जंगलात मोकळेपणाने वावरणं कसं अवघड झालं, यावर 2024 मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं आहे. ते वाचल्यापासून आमचा साधनाविषयीचा कौल पक्का झाला. कार्ड फोनला लावून 'सगळे घे' केलं, की ते फोटो फोनच्या गॅलरीत जातात, आणि चालू असेल तर तिथून आपोआप ढगातल्या साठ्यावर. तुम्ही कोणाला पाठवलेलं नसतं, तरी ते गेलेलं असतं.

म्हणून आमच्या गटात जागेवर बघायला असा जुना अँड्रॉइड फोन आहे, ज्यात सिम नाही आणि ज्याचं वायफाय बंद आहे. रीडर लावायचा, कळ लॉक, पहिले दहा आणि शेवटचे दहा फोटो बघायचे, कार्ड पाकिटात, कोरं कार्ड कॅमेऱ्यात. पाकिटावर कॅमेऱ्याचा क्रमांक आणि तारीख. घरी संगणकावर माणसांचे फोटो आधी वेगळे काढून पुसायचे, मग जनावरांची नोंद. नवीन काही विकत घेणार असाल तर साधं व्ह्यूअर घ्या, असं आम्ही म्हणू. त्याचा पडदा बारीक आहे, खरं. पण त्यातून काही कुठे जात नाही, आणि जागेवरच्या तीन कामांना तो पडदा पुरतो. जुना फोन घरात पडून असेल तर तोच अधिक चांगला, आणि फुकट.

एक चिठ्ठी आत्ताच आली आहे: सिमकार्डवाला कॅमेरा घेतला, फोटो थेट फोनवर आले, तर हे सगळं टळेल ना? जाणं-येणं टळेल, आणि रोख बिघडला तर त्याच दिवशी कळेल. पण तो आधी लहान आकाराचा फोटो पाठवतो, पूर्ण फोटो बऱ्याचदा कार्डावरच राहतो. त्यामुळे कार्ड आणायला कधीतरी जावंच लागतं. ओढ्याच्या घळीत रेंज येते का हे आधी तिथे उभं राहून बघा. आणि तो कॅमेरा पायवाटेवर लावणार असाल, तर त्या वाटेने जाणाऱ्या घरांना आधी भेटून या.