सहा पात्यांवर तरलेले इंजिन

होडीच्या मागच्या फळीला लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाला रेडिएटर नसतो. मोटारीत तेच पाणी इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फिरत राहते. आउटबोर्डमध्ये मात्र होडीखालचे समुद्राचे किंवा खाडीचे पाणी सतत आत ओढले जाते, इंजिनाभोवती खेळवले जाते आणि तापले की बाहेर सोडले जाते. हे पाणी वर चढवणारा पंप पार खाली, पंख्याच्या वर असलेल्या गिअरकेसवर बसवलेला असतो. त्याच्या आत फिरणारे लवचीक पात्यांचे रबरी चाक म्हणजे इंपेलर. तो हाताच्या मुठीत मावतो, पण तो थांबला तर इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते.

पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पंखा फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर पडते. 40 अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगात असताना सुमारे 30 किलोवॉट काम करते आणि ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्याला देते. 28 अंश सेल्सिअसचे समुद्राचे पाणी आत घेऊन 58 अंशांना बाहेर सोडायचे, तर एवढी उष्णता वाहून नेण्यासाठी सेकंदाला पाव लिटर, म्हणजे मिनिटाला 15 लिटर पाणी लागते. हे पाणी मिळाले नाही, तर ॲल्युमिनियमचा पिस्टन भोवतालच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, भिंतीवर घासतो आणि शेवटी जाम होतो. हेड गॅस्केट जळणे हा त्याच्या अलीकडचा टप्पा.

इंपेलर इंजिनातून खाली आलेल्या उभ्या शाफ्टवर बसतो. शाफ्टच्या खाचेत धातूची एक छोटी चावी असते आणि ती चाकाला शाफ्टबरोबर फिरायला लावते. चाकाला बहुधा सहा पाती असतात. ज्या स्टीलच्या वाटीत ते फिरते तिचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून मुद्दाम थोडा सरकवलेला असतो. त्यामुळे एका बाजूला पाती मोकळी होतात, तर दुसऱ्या बाजूला वाटीची भिंत त्यांना दुमडते. पाती मोकळी होताना दोन पात्यांमधली जागा वाढते आणि पाणी आत येते. पुढे पाती दुमडली की जागा आक्रसते आणि पाणी वरच्या नळीत ढकलले जाते. म्हणूनच इंजिन मंद गतीवर असतानाही पाणी वर चढते. कडक पात्यांच्या साध्या पंपाला एवढ्या कमी वेगात ते जमले नसते. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने पाती आत वाकून राहतात, भिंतीवरचे घर्षण कमी होते आणि तोच पंप केंद्रोत्सारी पंपासारखा चालू लागतो.

या रचनेत रबर सतत धातूवर घासत असते आणि दोघांमध्ये वंगण असते ते फक्त पाण्याचे. पाण्याबाहेर इंजिन चालवले, तर काही सेकंदांतच पात्यांची टोके तापतात, करपतात आणि तुटू लागतात. बराच काळ बंद असलेले इंजिन ‘लागते का पाहू’ म्हणून कोरड्या वाळूवर चालू करणे हा इंपेलर घालवण्याचा हमखास मार्ग आहे. दुसरा शत्रू वाळू. कर्ली नदीच्या मुखावरच्या देवबागसारख्या उथळ जागी पंखा तळाची वाळू उडवतो. ती पंपात शिरून रबर झिजवते आणि स्टीलच्या वाटीवर व तिच्या खालच्या तळपट्टीवर ओरखडे पाडते. तिसरा शत्रू वय. खारे पाणी पंपात वाळले की मिठाचे खडे राहतात, रबर हळूहळू कडक होते आणि महिनोन्महिने दुमडून राहिलेली पाती पुन्हा सरळ होत नाहीत.

पंपाची तब्येत सांगते ती इंजिनाच्या बाजूच्या भोकातून पडणारी पाण्याची धार. इंजिन चालू केल्यावर ती दिसलीच पाहिजे. धार बारीक झाली किंवा थांबली, तर इंजिन लगेच बंद करावे. आधी भोकात बारीक तार घालून पाहावे, कारण तिथे वाळू किंवा कचराही अडकलेला असू शकतो. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली नाही ना, हेही पाहावे. दोन्ही ठीक असतील, तर संशय इंपेलरवर येतो.

बदलण्यापूर्वी बॅटरीची वायर आणि स्पार्क प्लगच्या टोप्या काढाव्यात, म्हणजे पंखा हाताने फिरवताना इंजिन चुकून चालू होणार नाही. मग गिअर बदलणारी कांब सोडवावी आणि गिअरकेसचे बोल्ट काढावेत. काही इंजिनांत एक बोल्ट पंख्याच्या वरच्या छोट्या पट्टीखाली लपलेला असतो. तो राहून गेला, तर गिअरकेस ठोकून सुटत नाही, फुटते. गिअरकेस शाफ्टसकट खाली आली की पंपाचे झाकण काढून इंपेलर वर सरकवावा आणि चावी जपून ठेवावी.

जुन्या इंपेलरची पाती मोजावीत. एखादा तुकडा कमी असेल, तर तो पाण्याच्या वाटेत वर कुठेतरी, बहुधा थर्मोस्टॅटपाशी अडकलेला असतो. तो काढला नाही, तर नवा इंपेलर बसवूनही इंजिन तापेल. वाटी आणि तळपट्टीवर बोटाला लागतील असे ओरखडे असतील, तर तीही बदलावीत. गॅस्केट दर वेळी नवेच घ्यावे.

नवा इंपेलर चावीवर बसवून वाटीत ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावावे. साध्या ग्रीसने काही प्रकारचे रबर फुगते. मग झाकण खाली दाबत शाफ्ट इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, म्हणजे बहुतेक इंजिनांत वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवावा. त्यामुळे सगळी पाती योग्य बाजूला दुमडतात. त्यानंतर शाफ्ट उलटा फिरवू नये. गिअरकेस वर चढवताना तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : शाफ्टचे दाते, पाण्याची नळी आणि गिअरची कांब. नळी आपल्या रबरी कड्यात बसली नाही, तर उत्तम पंपही पाणी वर पोचवत नाही. शेवटी इंजिन पाण्याच्या पिंपात किंवा जाळीवर नळाचे पाणी सोडून चालवावे आणि धार तपासावी.

इंपेलर किती तासांनी बदलायचा, हे इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. गाळ आणि वाळूच्या पाण्यात त्याहून लवकर बदलणे शहाणपणाचे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वर ओढल्या जातात आणि इंजिने बंद राहतात. हंगाम संपल्यावर पंप गोड्या पाण्याने धुऊन ठेवावा आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी पाण्यात लोटण्यापूर्वी इंपेलर तपासून गरजेनुसार बदलावा. जाम झालेल्या इंजिनाच्या दुरुस्तीपुढे इंपेलरची किंमत किरकोळ असते. भर समुद्रात तो बदलता येत नाही, म्हणून हे काम किनाऱ्यावरच उरकावे.