संगणकावरील आराखडा आणि मापांच्या मर्यादा

आमच्या मांजरीस १९९७ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि शेजारीं हडपसरची औद्योगिक वसाहत आहे. द्राक्षाचा मांडव आणि लोखंडाचा कारखाना हीं दोन्हीं दाराशींच असल्यामुळें आजच्या विषयाला उदाहरण घेतों तें मांडवाच्या खांबाला बोल्टानें जखडावयाच्या एका लोखंडी पट्टीचें.

पूर्वीं असा आराखडा कागदावर काढीत. रुंदी बदलली कीं चित्र पुन्हा काढणें आलें. आतां संगणकावर मापालाच नांव देतात : ‘रुंदी’, ‘छिद्र’. आंकडा बदलला कीं चित्र आपोआप बदलतें. अशा मापास पॅरामीटर म्हणतात. आपण ‘चलमाप’ म्हणूं. चित्रांतील रेषांना परस्परांच्या अटी घालण्याची कल्पना आयव्हन सदरलंड यांनीं १९६३ सालीं ‘स्केचपॅड’मध्यें प्रत्यक्ष करून दाखविली होती.

संगणक आज्ञाधारक खरा, पण व्यवहारज्ञान त्याला नाहीं. ४० मिलिमीटर रुंदीच्या पट्टींत ३९ मिलिमीटरचें छिद्र मागा, तो निमूटपणें काढून देईल. दोहों बाजूंस अर्धा-अर्धा मिलिमीटर लोखंड उरेल! (वर्गांत एखादा विद्यार्थी आजोबांचें वय ३५० वर्षें काढून त्याखालीं दोन रेघा ओढी, त्याची येथें आठवण होते.) म्हणून चलमापाला मर्यादा घालावी लागते.

ही मर्यादा म्हणजे नुसता एक खालचा व एक वरचा आंकडा, असा पुष्कळांचा समज असतो. पोलादी बांधकामाचें भारतीय मानक ८०० (२००७ ची आवृत्ति) काय सांगतें तें पाहा. छिद्राच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंतचें अंतर, कड यंत्रानें करवतलेली असल्यास, छिद्राच्या व्यासाच्या निदान १.५ पट हवें. कड कातरलेली असल्यास १.७ पट. १२ मिलिमीटरच्या बोल्टास १३ चें छिद्र धरूं. ४० च्या पट्टींत मध्यापासून कड २० वर. करवतलेल्या पट्टीला १९.५ पुरतात, कातरलेलीला २२.१ लागतात. तोच आंकडा एकीकडे चालतो, दुसरीकडे चालत नाहीं! म्हणजे छिद्राची मर्यादा रुंदीवर व कापण्याच्या रीतीवर अवलंबून आहे, आणि ती सूत्रानेंच लिहिली पाहिजे. शिवाय बोल्ट बाजारांत ठराविक मापांचेच मिळतात. ११.३ चा बोल्ट मर्यादेंत बसला तरी आणावयाचा कोठून? तेथें मर्यादेऐवजीं मापांची यादीच द्यावी.

आतां मर्यादा मोडूं पाहणाऱ्याशीं आराखड्यानें कसें वागावें, हा खरा वादाचा मुद्दा. ‘फ्रीकॅड’मधील सूत्रांत ‘मिन’ व ‘मॅक्स’ वापरून आंकडा परस्पर मर्यादेंत ओढतां येतो. सोय मोठी आकर्षक, पण मला ती घातक वाटते. कातरलेल्या ४० च्या पट्टींत छिद्र जास्तींत जास्त सुमारें ११.७ चें बसतें. मागणाऱ्यानें १३ मागितले, सूत्रानें गुपचूप ११.७ केले, चित्र दिसावयास निर्दोष. शंभर पट्ट्या तयार होऊन मळ्यांत पोहोंचतात आणि १२ चा बोल्ट एकींतही शिरत नाहीं.

‘ओपनएस्कॅड’मध्यें मापाशेजारीं चौकटी कंसांत दोन आंकडे लिहिले कीं सरकपट्टी मिळते व ती त्यांच्या पलीकडे जात नाहीं. परंतु ही अडवणूक सरकपट्टीपुरतीच. मूळ लेखांत कोणीही वाटेल तो आंकडा लिहूं शकतो. त्यासाठीं २०१९ च्या आवृत्तींत आलेली ‘असर्ट’ ही आज्ञा अधिक प्रामाणिक आहे : अट मोडतांच काम थांबतें आणि आपण लिहून ठेवलेला संदेश पुढें येतो. संदेशांत नुसतें ‘चूक’ न म्हणतां, ‘कातरलेली कड, १.७ पट अंतर हवें. रुंदी निदान ४४.२ करा’ इतकें स्पष्ट लिहावें. पुढें कारखान्यांत करवतयंत्र आलें, तर तो संदेश वाचणारा १.७ च्या जागीं १.५ घालील, आणि तीच ४० ची पट्टी चालूं लागेल.