गळ दडवायचा की दाखवायचा?
प्लॅस्टिकच्या गांडुळाभोवती उभी राहिलेली बास मासेमारीची विद्या

विशेष प्रतिनिधी

गळाला गांडूळ लावून पाण्याकाठी तासन्‌तास बसलेला माणूस आपल्याकडे कोणत्याही तळ्यावर दिसतो. अमेरिकेत ‘बास’ माशाच्या मागे लागलेल्या हौशी मंडळींच्या हाती बहुधा मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ असते आणि ते गळाला कसे ओवायचे, याचे तिथे एक स्वतंत्र शास्त्रच तयार झाले आहे. गळ, वजन, दोरी आणि आमिष यांच्या या मांडणीला ‘रिग’ म्हणतात. प्रत्येक रिगच्या मुळाशी प्रश्न एकच असतो, तो म्हणजे गळाचे टोक दडवायचे की उघडे ठेवायचे? या निर्णयावर मासा लागेल की नाही हे तर ठरतेच. पण लागलेला मासा जगेल की मरेल, हेही पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.

दबा धरणारा शिकारी

लार्जमाऊथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातील गोड्या पाण्याचा मासा. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे पोहोचतो. भक्ष्याचा दूरवर पाठलाग करण्यापेक्षा पाणवनस्पती, बुडालेली झाडे, धक्क्याचे खांब अशा आडोशाला दबा धरून बसणे त्याला पसंत असते. भक्ष्य टप्प्यात येताच तो एकदम जबडा उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढून घेतो. तोंडात आलेली वस्तू खाण्याजोगी नाही असे वाटले, तर तितक्याच चपळाईने ती बाहेर फेकतो. लाकडी किंवा धातूचे आमिष म्हणूनच त्याच्या तोंडात फार काळ टिकत नाही. मऊ आमिष मात्र तो थोडा अधिक वेळ धरून ठेवतो आणि हौशी मासेमाराला हवा असतो तो नेमका हाच वेळ.

ही गोष्ट व्यापारी पातळीवर नेण्याचे श्रेय ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथील निक क्रीम यांना दिले जाते. १९४९ मध्ये त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचे मिश्रण तापवून साच्यात ओतले आणि गांडूळ घडविले. पुढे त्यांचा व्यवसाय टेक्सासमधील टायलर येथे गेला. त्या भागात १९६० च्या दशकात सॅम रेबर्न, टोलेडो बेंड यांसारखे विस्तीर्ण जलाशय तयार झाले. पाण्याखाली झाडांची जंगले तशीच उभी राहिली. माशांना आडोसा मिळाला. पण उघड्या टोकाचा गळ टाकावा, तर तो पहिल्याच फांदीत अडकायचा. टोक लपविण्याची गरज होती ती अशा पाण्यात.

टेक्सास रिग : दडविलेले टोक

या गरजेचे उत्तर म्हणजे ‘टेक्सास रिग’. प्रथम बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन दोरीत ओवतात. त्याचे निमुळते टोक काठीकडे असते. साधारणपणे साडेतीन ते चौदा ग्रॅमचे वजन पुरते. मग नेढ्यापाशी बाक दिलेला गळ बांधतात. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात सरळ खुपसून साधारण अर्ध्या ते एक सेंटीमीटरवर बाजूने बाहेर काढायचे. नेढे डोक्यात दडेपर्यंत गळ ओढून घ्यायचा आणि मग तो अर्धा फिरवायचा, म्हणजे टोक गांडुळाच्या अंगाकडे वळते. यानंतर गळ अंगाशेजारी मोकळा लोंबू द्यावा. त्याचा बाक जिथे टेकतो, नेमके तिथेच टोक पुन्हा अंगात रोवायचे असते.

नवशिक्यांची चूक होते ती इथेच. टोक अर्धा सेंटीमीटर पुढेमागे रोवले, तरी गांडूळ आखडते किंवा ताणले जाते. असे वाकडे गांडूळ पाण्यातून ओढताना गरगर फिरते, दोरीला पीळ पडतो आणि मासा तिकडे पाठ फिरवतो. गांडूळ दोरीच्या रेषेत सरळ लोंबले, तरच मांडणी जमली असे समजावे. दडलेले टोक माशाच्या जबड्यात रुतण्यापूर्वी त्याला प्लॅस्टिक भेदावे लागते. त्यामुळे ओढ जाणवताच सैल दोरी गुंडाळून काठीला जोरदार झटका देणे आवश्यक ठरते.

तीन निराळ्या वाटा

‘कॅरोलिना रिग’मध्ये जड वजन गांडुळापासून दूर ठेवतात. दोरीत वजन आणि मणी ओवून शेवटी फिरकी बांधतात. फिरकीच्या पुढे ४५ ते ९० सेंटीमीटर दोरी आणि तिच्या टोकाला गळ असतो. वजन तळ घासत पुढे जाते आणि आमिष त्याच्या मागे अलगद तरंगते. मोठ्या क्षेत्रातील तळ चाचपण्यासाठी ही मांडणी उपयोगी पडते.

‘वॅकी रिग’ दिसायला सर्वांत सोपा. गांडुळाच्या मध्यभागी आडवा गळ टोचला की काम झाले. पाण्यात सोडल्यावर दोन्ही टोके थरथरत ते सावकाश खाली जाते. यात टोक उघडे असल्याने हलका ताणही पुरतो. मात्र दाट वनस्पतीत ही मांडणी चालत नाही.

‘ड्रॉप शॉट’मध्ये क्रम उलटा असतो. वजन सर्वांत खाली आणि बारीक गळ त्याच्या १५ ते ४५ सेंटीमीटर वर. त्यामुळे आमिष तळापासून उंच, एकाच जागी हलवत ठेवता येते. बास मासा १९२५ मध्ये जपानमध्ये नेण्यात आला होता. तेथील हौशी मासेमारांनी बाससाठी विकसित केलेली ही पद्धत १९९० च्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियामार्गे अमेरिकेत रुजली.

जीव वाचविणारा क्षण

१९७२ मध्ये रे स्कॉट यांनी आपल्या बास स्पर्धांमधून मासे जिवंत सोडण्याची मोहीम सुरू केली. आज या स्पर्धांमध्ये मृत माशामागे वजनात कपात होते. पण मासा सोडून दिला म्हणजे तो वाचलाच, असे नाही. ओठात रुतलेला गळ सहज निघतो. घशात गेलेला गळ जीवघेणा ठरू शकतो. ज्या मऊपणामुळे मासा आमिष धरून ठेवतो, त्याच मऊपणामुळे तो ते गिळण्याचाही संभव असतो. सैल दोरीवर बुडणाऱ्या वॅकी रिगमध्ये हा धोका विशेष. म्हणून दोरी बुडताना तिच्यावर नजर ठेवावी. ती किंचित उडाली किंवा बाजूला सरकू लागली, तर क्षणभरही थांबू नये. गळ खोल गेलाच, तर तो ओरबाडून काढण्याऐवजी शक्य तितक्या जवळ दोरी कापून मासा सोडावा, असा सल्ला सामान्यतः दिला जातो.

दुसरा प्रश्न पाण्यात राहणाऱ्या वस्तूंचा. फाटलेले गांडूळ तळ्यात फेकले, तर ते कुजत नाही. उलट मासे ते गिळतात आणि ते पोटात फुगू शकते. मेन राज्याच्या विधिमंडळात २०१३ मध्ये अशा आमिषांवर बंदीचा प्रस्ताव आला होता. अखेर बंदीऐवजी अभ्यासाचा मार्ग स्वीकारण्यात आला. शिशाची लहान वजने गिळून ‘लून’ हे पाणपक्षी विषबाधेने मरतात. त्यामुळे न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी त्यांच्यावर निर्बंध घातले आहेत. टंगस्टनची वजने महाग असली, तरी तो एक पर्याय आहे.

बास हा आपल्या पाण्यातला मासा नव्हे. मात्र मऊ प्लॅस्टिकचे बेडूक वापरून मरळ धरणारे हौशी मासेमार आता आपल्याकडेही आहेत. मरळही वनस्पतीच्या आडोशालाच असते. त्यामुळे टोक दडविण्याचा हिशेब तिथेही तोच राहतो आणि फाटलेले आमिष खिशात घालून घरी परत नेण्याची जबाबदारीही तीच.