कलमाचा घडीचा चाकू : पोलादाची पारख

नांगर, कुळव किंवा पाभर घेताना शेतकरी चार ठिकाणी चौकशी करतो, परंतु खिशात मावणारा घडीचा चाकू घेताना तो केवळ चकाकी आणि किंमत पाहतो. रहिमतपूर परिसरात आल्याचे बेणे मोडून घेणे, सुतळी तोडणे, ठिबकाची नळी कापणे अशा कामांसाठी हा चाकू रोज हाती असतो. या कामांत चाकू निकृष्ट निघाला तर थोडा वेळ वाया जातो, एवढेच. मात्र तोच चाकू कलमासाठी वापरल्यास संपूर्ण हंगामाचे नुकसान होऊ शकते. यास्तव चाकूची पारख कशी करावी, हे प्रत्येक बागायतदाराने जाणून घेणे अगत्याचे आहे.

कलमात चाकूचे महत्त्व

रहिमतपूरच्या पूर्वेस व आग्नेयेस, खटाव-माणपासून आटपाडी-तासगावपर्यंत, द्राक्ष व डाळिंब यांच्या बागा आहेत. क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई यांना तोंड देण्यासाठी द्राक्षाचे कलम डॉगरिजसारख्या खुंटावर करण्याची पद्धत रूढ आहे. साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंट लावून पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर पाचर कलम बांधतात. खुंट व कलमकाडी यांची साल आणि लाकूड यांमधील वाढीचा नाजूक थर परस्परांस चिकटला, तरच कलम जुळते. काप सरळ व गुळगुळीत नसेल तर मध्ये पोकळी राहते, काडी सुकते आणि बागेत नांग्या पडतात. मागाहून बांधलेली कलमे वाढीत मागे राहतात, त्यामुळे बाग एकसारखी होत नाही.

पोलाद म्हणजे काय

लोखंडात कर्बाचे प्रमाण वाढले की तापवून पाणी दिल्यावर ते कठीण बनते. साध्या मऊ लोखंडात शंभर भागांत पाव भागापेक्षाही कमी कर्ब असतो. त्याला कितीही पाणी दिले तरी धार टिकत नाही. चाकूच्या पोलादात हे प्रमाण सुमारे अर्ध्या भागापासून एक भागापर्यंत असावे लागते. मोटारीचा जुना कमानपाटा या दृष्टीने उपयुक्त असतो. त्यात सुमारे अर्धा भाग कर्ब असल्याने गावचे लोहार व घिसाडी त्यापासून कोयते घडवितात.

केवळ कर्ब असून भागत नाही. लाल तापवून एकदम थंड केलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो. या वेळी घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा व शेवटी निळा रंग चढतो. चाकूसाठी पिवळ्या ते तपकिरी रंगाची अवस्था योग्य होय. निळा रंग आल्यास पोलाद कमानीला चालते, पण बारीक धारेसाठी ते मऊ पडते.

गंजरोधक पोलादाच्या शोधाचे श्रेय सामान्यतः इंग्लंडमधील शेफील्ड या चाकूंसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातील हॅरी ब्रिअर्ली यांना देतात. त्यांनी ते १९१३ साली तयार केले. ‘चुंबकाला चिकटत नाही तोच अस्सल गंजरोधक चाकू’ हा समज मात्र चुकीचा आहे. चुंबकाला न चिकटणारे भांड्यांचे पोलाद तापवून कठीण करता येत नाही. चाकूचे पाते चुंबकास चिकटलेच पाहिजे. अर्थात मऊ लोखंडही चिकटते, म्हणून ही कसोटी एकटी पुरेशी नाही.

खरेदीच्या वेळी पाहावयाच्या गोष्टी

१. पाते उघडून बाजूला हलवून पाहावे. खिळ्यापाशी ते डुगडुगत असेल तर काप सरळ येणार नाही.

२. पाठीची कमान दमदार असावी. उघडताना व मिटताना पाते ठाम आवाज करून बसावे आणि कापताना आपोआप मिटू नये.

३. मिटलेले पाते मुठीच्या दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध असावे. धार आतील कमानीवर आदळत असेल तर ती एकाच जागी बोथट होते.

४. कलमासाठी एक बाजू सपाट व दुसऱ्याच बाजूने धार असलेले पाते घ्यावे. उजव्या व डाव्या हातांसाठी अशी पाती निरनिराळी असतात.

घरी करावयाच्या कसोट्या

नवी बारीक कानस धार सोडून पात्याच्या मुळाशी हलकेच फिरवावी. ती लोण्यात शिरल्यासारखी सहज चावली तर पाते मऊ आहे. ती घसरू लागली किंवा मोठ्या कष्टाने चावली तर पाते कठीण आहे असे समजावे.

त्यानंतर धार लावून वीस-पंचवीस ओल्या काड्या तिरप्या कापाव्यात. शेवटचा काप पहिल्यासारखाच चकचकीत आणि साल न चेचलेला असावा. मग धार उजेडात धरून पाहावी. ती एका बाजूस वळली असेल तर पाते मऊ होय, आणि तिचे कपचे उडाले असतील तर ते अतिकठीण होय. उत्तम पात्याची धार या कामाने वळत नाही आणि तुटतही नाही.

निगा

चाकूला विजेच्या चाकावर धार लावू नये. चाकाच्या घर्षणाने पात्यावर निळा डाग उमटला तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे जाणावे. हाताने, ओल्या कुरुंदाच्या दगडावर सावकाश धार लावणे श्रेयस्कर. एका बाजूने धार असलेल्या पात्याची सपाट बाजू दगडावर आडवीच ठेवून फक्त कंगोरा काढावा.

चाकू रोगाचाही वाहक होतो. डाळिंबावरील तेल्या रोगाचे जीवाणू अवजारांमार्फत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. म्हणून प्रत्येक झाडानंतर पाते सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावे. हे द्रावण पोलादास गंज चढविते, त्यामुळे काम संपताच पाते धुवावे, कोरडे करावे आणि पात्यास व खिळ्यास तेलाचा थेंब द्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना सूचना

दुकानात कानस लावून पाहण्यास कोणी परवानगी देणार नाही. यास्तव कलमांच्या हंगामापूर्वी गावातील बागायतदारांनी मिळून एकाच बनावटीचा एक चाकू विकत घ्यावा आणि वरील कसोट्या सर्वांसमक्ष लावाव्यात. तो उतरला तरच त्या बनावटीचे आणखी चाकू घ्यावेत आणि नव्या चाकूंपैकी एखादा पुन्हा तपासावा. गावात कसबी लोहार असेल तर जुन्या कमानपाट्याचे पाते त्याच्याकडून घडवून त्यालाही याच कसोट्या लावाव्यात. मुठीची नक्षी पाहून चाकूची पारख होत नाही. ओल्या काडीवरील काप पाहूनच ती करावी.