स्केटच्या बुटाला यवतमाळी डेनिम

लेकराला स्केटिंगला घातलं की यवतमाळच्या आईबापांचा पहिला प्रश्न असतो, "पाय वाढला तर?" बूट टिकेल का, हे मात्र पैसे मोजून झाल्यावर सुचतं. लांब-आखूड करता येणाऱ्या स्केटवर सुरुवात भागते. पण पोर आर्टिस्टिक स्केटिंगकडे, म्हणजे संगीतावरच्या गिरक्या-उड्यांकडे वळलं की चामड्याचा पांढरा बूट घ्यावाच लागतो. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामाने याच प्रकारात दोन कांस्यपदकं मिळवली. एक एकट्याने, दुसरं अवनी पांचालसोबत.

हा बूट ठरावीक जागीच खराब होतो. मागचा पाय ओढताना चवडा फरशीला घासतो. पायावरून पाय टाकताना एका पायाचं चाक दुसऱ्या बुटाच्या आतल्या बाजूला लागतं. लेस सुटून चाकात गेली तर पडणं ठरलेलंच. बाजारात यावर लायक्राचं कव्हर मिळतं. ते ताणून चढवायचं, तळ उघडा, खालून इलॅस्टिक. पायमोज्याच्याच रंगाचं घेतलं की पाय लांबसडक दिसतो, म्हणून स्पर्धेत ते शोभतं. खरखरीत सिमेंटवर रोज सराव करणाऱ्यासाठी मात्र लायक्रा कामाचं नाही. चवड्याशी लवकरच भोक पडतं.

तिथे हवं डेनिम, आणि त्यासाठी लांब जायला नको. यवतमाळजवळच्या लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना नव्वदच्या दशकापासून आहे. कापसाच्या जिल्ह्यात कापसाचंच दणकट कापड! शिवाय जुनी जीन्स कुणाच्या घरात नसते?

शिवताना एक खोच लक्षात ठेवा. डेनिमचा उभा धागा निळीत रंगवलेला असतो, आडवा पांढराच. ही नीळ धाग्याच्या वरवरच बसते आणि घासली की सुटते. पांढऱ्या बुटावर नुसतं डेनिम चढवलं, तर चवडा वाचेल आणि बूट निळा होईल. म्हणून आतून मांजरपाटाचं अस्तर हवंच. दोन्ही कापडं आधी पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच कव्हर आटतं.

बूट खाकी कागदावर आडवा ठेवून दोन्ही बाजूंचे आकार काढा. पुढून आणि मागून शिवण घ्या, टाचेवर वेल्क्रो लावा. डेनिम ताणलं जात नाही, म्हणून घोट्याशी लवचिक कापडाची कळी घाला. पुढचा रबरी ब्रेक, म्हणजे टो-स्टॉप, मोकळा राहायला हवा. खालची कड चाकांच्या बरीच वर ठेवून इलॅस्टिकने आवळा. सैल कड चाकात गेली तर कव्हर नसलेलं बरं. गल्लीतला कुठलाही टेलर हे करून देईल, मात्र बूट सोबत न्या.

कव्हर चाकांना वाचवत नाही, हेही सांगून ठेवतो. आपली काळी माती वाळली की पिठासारखी उडते आणि बेअरिंगमध्ये शिरते. चार-चार चाकांच्या जोडीत अशी १६ बेअरिंग असतात, प्रत्येकाचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर. त्यासाठी स्केट जाड पिशवीत ठेवणं आणि बेअरिंग वेळोवेळी साफ करणं, एवढाच उपाय.

बर्फावरच्या स्केटर मंडळींकडून एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. शिमल्यात १९२० पासून बर्फावर स्केटिंग होतं. पात्यांना चालताना प्लास्टिकचं कडक कव्हर, आणि पाती पुसून ठेवताना टॉवेलच्या कापडाचं मऊ कव्हर, अशी त्या खेळातली रीत. ओल्या पात्यावर प्लास्टिक तसंच राहिलं तर पातं गंजतं. आपल्या चामड्याचंही तेच. घामेजलेला बूट कव्हरात कोंडला, तर पावसाळ्यात बुरशी धरणारच. सराव संपला की आधी कव्हर काढा, बूट सावलीत वारा लागेल असा ठेवा. मे महिन्याच्या उन्हात तर मुळीच नको. यवतमाळच्या उन्हात चामडं कडक होऊन तडकतं.

तेव्हा यंदा दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या जीन्स बोहारणीला देण्याआधी घरात किंवा शेजारी स्केटिंग करणारं पोर आहे का, तेवढं बघा. एका जीन्समध्ये एका जोडीची कव्हरं सहज निघतात.